दोन स्टारवाले काका आणि चेंबरचं झाकण

आमच्या बिल्डिंगमध्ये नळाला पाणी नसेल तर प्लंबरला फोन जातो, लिफ्ट अडकली तर वॉचमनला आणि निवडणूक लागली की मला. मी कुठल्या पार्टीत नाही, भावकीत कुणी राजकारणात नाही, एकदा फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा आठ नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरून दिला होता कारण मतदार यादीत त्यांच्या नवऱ्याच्या जागी सासऱ्यांचं नाव पडलं होतं. ते दुरुस्त झालं. सरकारी काम असून पहिल्या फटक्यात झालं हाच बहुतेक माझा गुन्हा, कारण तेव्हापासून विक्रोळीच्या कन्नमवार नगरातला आमचा अख्खा जिना मला निवडणूक आयोग समजतो.

आयोगसुद्धा दोन असतात, लोकसभा विधानसभेला केंद्राचा आणि पालिकेला राज्याचा, हे मी सांगायला गेलो की लोक माझ्याकडे असं बघतात की आता हा चहा पण पाजणार नाही आणि काम पण करणार नाही.

या जानेवारीत मुंबई पालिकेची निवडणूक झाली त्याच्या आधीचा महिना मी कसा काढला माझं मला माहीत. 2017 नंतर थेट 2026! नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती, मग जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारे पण तेच आणि मंजूर करणारे पण तेच. पण आमच्या ग्रुपवर या चार वर्षांत एक दिवस असा गेला नाही की कुणी 'नगरसेवक झोपलाय का' असं टाकलं नाही. अरे बाबांनो, नगरसेवक नाहीच आहे तर झोपेल कुठून. हे मी एकदा लिहिलं. त्यावर तिसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं, 'मग राजीनामा मागा त्याचा.'

विषय होता गेटसमोरच्या चेंबरच्या झाकणाचा. झाकण तुटलेलं, त्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचून वर लाल पिशवी बांधलेली, मुंबईत याला सेफ्टी म्हणतात. आता हे काम कुणाचं? मुंबईत 227 नगरसेवक, 36 आमदार, 6 खासदार, पैकी प्रत्येक प्रकारचा एकेक आपल्या वाट्याला येतो, एवढं साधं गणित आहे. गटार पालिकेचं, म्हणजे पालिकेच्या 1916 या तक्रार नंबरला फोन लावायचा नाहीतर भांडुपला एस वॉर्डच्या ऑफिसात जायचं. त्यात म्हाडाची वसाहत असल्यामुळे रस्ता म्हाडाचा की पालिकेचा हा वेगळा अध्याय. पण आमच्या सेक्रेटरींनी काय करावं, फोटो काढून थेट पंतप्रधानांना टॅग केला. आणि 1916 ला फोन का नाही केला विचारलं तर म्हणे, 'ते खालच्या लेव्हलचं झालं.'

मग उमेदवार आला. ढोल, उपरणी, मागे पंचवीस पोरं, बायकांनी औक्षण केलं, खुर्च्या मांडल्या. नगरसेवकपदाचा उमेदवार हां, हे लक्षात ठेवा. पहिला प्रश्न, अमेरिकेच्या टॅरिफवर तुमची भूमिका काय? दुसरा, पंधरा डब्यांच्या लोकल कधी वाढवणार? तिसरे आजोबा उठले त्यांनी पाकिस्तानला विक्रोळीच्या भर सभेत शेवटची ताकीद दिली आणि टाळ्या घेऊन बसले. उमेदवार प्रत्येकाला 'नक्की करू' म्हणत होता, टॅरिफला पण. बिचारा खुश होता, कारण यातलं काहीच त्याच्याकडून होणार नव्हतं आणि उद्या कुणी विचारणारही नव्हतं. शेवटी काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'ते झाकणाचं बघा, माझी नात पडता पडता वाचली.' तेव्हा पहिल्यांदा तो गप्प झाला, मागच्या पोराकडे बघितलं, पोराने मोबाईलमध्ये काहीतरी लिहिलं. अख्ख्या तासात त्याच्या खात्यातला प्रश्न तेवढाच एक. आणि बाहेर पडताना सेक्रेटरी मला म्हणतात कसे, 'काकूंना राजकारणातलं काही कळत नाही रे, एवढा माणूस समोर आणि झाकण काय विचारतात.'

झाकण आचारसंहितेच्या आधीच का नाही बसलं असं मी नंतर पोराला विचारलं. तो म्हणाला, 'दादा, बसवलं असतं तर भाषणात काय बोललो असतो?' प्रामाणिक होता, कशाला खोटं बोलू.

यादीचं प्रकरण तर विचारूच नका. पालिकेला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती, त्यामुळे ज्यांच्या पोरांची नावं त्यानंतर लागली त्या सगळ्या आया माझ्याशी अबोला धरून आहेत. विधानसभेला जिथे मतदान केलं तेच केंद्र पालिकेला असेल असंही नाही, प्रभागाप्रमाणे यादी परत फोडतात, त्यामुळे एकाच घरातला नवरा एका शाळेत आणि बायको दुसऱ्या शाळेत. आणि तळमजल्यावरचे काका एका संध्याकाळी पेढे घेऊन आले. का? तर यादीत त्यांच्या नावापुढे दोन स्टार होते, बाकी कुणाला एक पण नाही. चाळीस वर्षं न चुकता मतदान केल्याचं सरकारने चीज केलं असं त्यांचं म्हणणं. आता त्यांना कसं सांगू की हे दुबार मतदाराचं चिन्ह आहे, म्हणजे तुमचं नाव अजून कुठेतरी आहे असा संशय आहे आणि केंद्रावर हमीपत्र लिहून द्यावं लागेल. मी पेढा खाल्ला आणि मग सांगितलं. काका उरलेला बॉक्स परत घेऊन गेले.

15 जानेवारीला काकूंना घेऊन गेलो. गंमत बघा, माझ्याकडे ॲप, वेबसाईट, सगळं होतं आणि तरी केंद्र सापडेना, पण बाहेर टेबल टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने काकूंचा चेहरा बघूनच यादीचं पान उलटलं, पेन्सिलने टिक केली, चिठ्ठी फाडली, खोली नंबर सांगितला आणि वर विचारलं, 'गुडघा कसाय?' एवढं सरकारला आपल्याबद्दल माहीत नसतं. मोबाईल आत चालत नाही म्हणून मी दोघांचे फोन धरून बाहेर उभा.

काकू बाहेर आल्या त्या तणतणतच.

'चिठ्ठी आलीच नाही.'

विधानसभेला बटण दाबल्यावर काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती व्हीव्हीपॅटची. पालिकेच्या मशीनला ते नव्हतंच. हे समजावून सांगितलं तेवढ्यात ठाण्याच्या त्यांच्या बहिणीचा फोन, ती चार मतं देऊन आलेली! ठाण्यात एका प्रभागात साधारण चार नगरसेवक, मुंबईत एकच, म्हणून आपल्याला एकच मत. हे मी रिक्षात बसेपर्यंत समजावत होतो.

'म्हणजे तिला चार झाकणं मिळणार,' काकू म्हणाल्या, 'आणि आपल्याला एक पण नाही.'

निकाल लागला, गुलाल उधळला, ग्रुपवर तीन दिवस महापौर कोण होणार यावर हाणामारी झाली, एक जण ग्रुप सोडून गेला. काल काकूंनी जिन्यात गाठलं. नवीन नगरसेवकाचं ऑफिस कुठे आहे, किती वाजता उघडतं, आणि अर्ज हाताने लिहिलेला चालतो की टाईप करून लागतो. बिल्डिंगमध्ये हे विचारणारं अजून दुसरं कुणी भेटलेलं नाही. मी म्हटलं काकू, बघून सांगतो. त्या म्हणाल्या सांगू नकोस, उद्या साडेदहाला खाली ये, आणि येताना पेन आण.