अ‍ॅप, भंगारवाले आणि बंद पाकीट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शाश्वत खरेदी आणि पुनर्वापर यांसाठीच्या मोबाईल अ‍ॅपविषयी मी लिहिलेला लेख वाचून आपण वाईहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : डबा नेऊन तेल आणणारी, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आणि रद्दी साठवून विकणारी माणसे अ‍ॅपवाचूनच काटकसरीने राहत आली, ही अ‍ॅप म्हणजे कंपन्यांची जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात घालण्याची युक्ती आहे, आणि ज्या फोनवर ती चालतात, तो फोन हाच उद्याचा कचरा आहे.

सुट्या मालापुरते आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. साताऱ्यात मोती चौकात कंदी पेढे घेणाऱ्याला काहीही स्कॅन करावे लागत नाही, आणि पेढ्यांचा पुठ्ठ्याचा खोका पुढे रद्दीत खपतो. पण आज घरात येणारा बराचसा माल बंद पाकिटातून येतो आणि ते पाकीट नुसते पाहून त्याचे पुढे काय होणार हे कळत नाही. शाम्पूच्या बाटलीच्या तळाशी बहुधा त्रिकोणात २ हा आकडा असतो. हे प्लास्टिक पुन्हा वितळवून वापरता येते, म्हणून भंगारवाले ते आनंदाने घेतात. त्याच पिशवीतले वेफर्सचे चंदेरी अस्तराचे पाकीट मात्र ते तराजूत न घालता बाजूला सारतात, कारण त्यात प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणे परवडत नाही. मग ते घंटागाडीत जाते आणि तिथून सोनगावच्या कचरा डेपोत. आजीच्या काटकसरीत या पाकिटाचे उत्तर सापडत नाही, कारण तिच्या घरात ते कधी आलेच नव्हते.

शिवाय पाकिटाविषयीची माहिती आता हळूहळू कोडात चालली आहे. प्लास्टिकच्या वेष्टनावर उत्पादकाने द्यायची माहिती बारकोड किंवा क्यूआर कोडातून देण्याची मुभा १ जुलै २०२५ पासून केंद्राच्या नियमांनीच दिली आहे. ‘पर्यावरणस्नेही’ असा दावा करणाऱ्या जाहिरातींसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनाही दाव्याचा आधार क्यूआर कोडाने दाखवण्यास परवानगी देतात. ज्याला तो कोड वाचता येणार नाही, त्याच्यासाठी ती माहिती असून नसल्यासारखी होईल, आणि याच कारणासाठी मला अ‍ॅपचा विषय महत्त्वाचा वाटतो.

कंपन्यांच्या जबाबदारीबद्दल आपल्याला वाटणारी चीड रास्त आहे. प्लास्टिक वेष्टन बाजारात आणणाऱ्याने ते परत गोळा करून मार्गी लावले पाहिजे, हे बंधन फेब्रुवारी २०२२ च्या सूचनांनी सविस्तर ठरवून दिले आहे आणि ते ग्राहकाच्या चांगुलपणावर सोडलेले नाही. परंतु तक्रार करायची झाली तर कोणाचे वेष्टन, कोणता दावा आणि कोणता नोंदणी क्रमांक हे हाताशी लागते, आणि ते मिळवून देणारे साधन ग्राहकाला दुबळे न करता उलट बळ देते. जी अ‍ॅप बाटली टाकल्याबद्दल गुण देतात आणि त्या गुणांवर पुढच्या खरेदीत सवलत देतात, त्यांच्याबाबत मात्र मी आपल्याच बाजूने आहे. पुनर्वापराचा डबा शेजारी ठेवला की लोक कागद अधिक वापरतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले होते. कमी घेण्याऐवजी निर्धास्तपणे जास्त घ्यायला लावणारे अ‍ॅप शाश्वत म्हणवून घेण्यास पात्र नाही, असे मला ठामपणे वाटते.

फोनविषयी एवढेच म्हणेन की त्याच्या एकूण कार्बनभारातील बहुतांश वाटा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. म्हणून अ‍ॅपसाठी नवा फोन घेऊ नये आणि आहे तो दुरुस्त करून जास्तीत जास्त वर्षे चालवावा.

आपण शेवटी विचारले आहे की यांतले एक तरी अ‍ॅप माझ्या आईच्या फोनमध्ये टिकेल का. ते टिकण्याची गरज नाही. फ्रिज घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे ‘बीईई स्टार लेबल’ उघडून दोन मॉडेलांचा वर्षाचा वीजवापर ताडून पाहावा, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मॉडेलवरचे पाच तारे आजच्या निकषांत बसतीलच असे नाही. चार्जर घेताना भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’मध्ये त्यावरचा नोंदणी क्रमांक तपासावा, म्हणजे बनावट चार्जर लवकरच भंगारात टाकण्याची वेळ येणार नाही. दोन्ही अ‍ॅप सरकारी आहेत, फुकट आहेत आणि कोणतेही गुण देत नाहीत. खरेदी आटोपली की ती काढून टाकली तरी चालतील. भंगारवाल्यांचा नंबर मात्र आईच्या फोनमध्ये कायम असावा. चंदेरी पाकिटे सोडून बाकी काय काय ते घेतात, हे तिने त्यांनाच विचारून घ्यावे.