चाळिसांपैकी एकतीस मेले? हवाई टपालाच्या वैमानिकांबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

‘तुम्हाला माहीत आहे का?’ने सुरू होणारा एक मजकूर अधूनमधून समोर येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेच्या टपाल खात्याने नेमलेल्या पहिल्या ४० वैमानिकांपैकी ३१ मेले. विमानं लाकूड-कापडाची होती. वैमानिक जिवावर उदार झालेले मस्तवाल गडी होते. आणि हे सगळं श्रीमंतांच्या पत्रांसाठी! शेवटी एका वीराने एकट्याने रात्रभर उडून ही सेवा वाचवली. मग खाली आपल्यासाठी शेपूट: भारतातली पहिली हवाई डाक जेआरडी टाटांनी नेली.

धोका होताच, आणि भयंकर होता. पण या मजकुरात माणसं का मेली याचं उत्तर जवळजवळ प्रत्येक ओळीत चुकलं आहे.

आधी आकडा. लष्कराने मे १९१८ मध्ये सुरू केलेली ही सेवा टपाल खात्याने १२ ऑगस्ट १९१८ ला स्वतःच्या हाती घेतली आणि १९२७ पर्यंत चालवली. एवढ्या काळात खात्याने दोनशेहून जास्त वैमानिक नेमले. टपाल नेताना मेलेले तिसाच्या वर आहेत, पण चाळिशीच्या आत. आता यांतले ३१ पहिल्या चाळिसांतलेच धरले, तर नंतरच्या दीडशेहून अधिक जणांना जवळजवळ काहीच झालं नाही असं मानावं लागेल. तसं नव्हतं. सगळ्यात आधी नेमलेल्यांपैकी मॅक्स मिलर टपाल नेतानाच गेला, हे खरं. पण त्याचा सोबती एडी गार्डनर १९२१ मध्ये मेला तो हवाई कसरतींच्या कार्यक्रमात. टपालाशी त्याचा संबंध उरला नव्हता. १९१८ च्या अखेरीस रुजू झालेला हॅमिल्टन ली तर १०२ वर्षांचा होऊन १९९४ मध्ये वारला. खरं प्रमाण सहा-सातांत एक असं येतं. नोकरी म्हणून हेही अंगावर काटा आणणारंच आहे, फुगवायची गरज काय होती?

‘विमानं लाकूड-कापडाची, म्हणून मेले.’ यात अर्धं तथ्य आहे. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या डीएच-४ विमानात पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पाठीमागे होती. नाकावर आपटलं की समोर तापलेलं इंजिन, मागून टाकी आणि मध्ये माणूस. ‘जळती शवपेटी’ हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. पण टपाल खात्याने ही विमानं बदलून घेतली: टाकी पुढे, वैमानिक मागे. सांगाडा लाकडाचाच राहिला आणि त्याच विमानांनी पुढची कित्येक वर्षं टपाल ओढलं.

उलट उदाहरण जास्त बोलकं आहे. १९२० मध्ये खात्याने युंकर्स जेएल-६ ही नवीकोरी, संपूर्ण धातूची जर्मन विमानं आणली. १ सप्टेंबर १९२० ला न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनजवळ यातलंच एक पेटलं आणि मॅक्स मिलर आपल्या मेकॅनिकसह गेला. दोनच आठवड्यांत ओहायोत दुसरं पेटलं, आणखी दोघे गेले. कारण काय, तर पेट्रोलच्या नळ्या इंजिनाच्या थरथरीने तडकत आणि गळत. लाकूड नाही, कापड नाही, तरी जळाले.

‘वैमानिक मस्तवाल होते.’ या वाक्याचा मला खरा राग आहे, कारण जुलै १९१९ मध्ये याच वैमानिकांनी चक्क संप केला होता, आणि तो पगारासाठी नव्हता.

सेवेचा कर्ताधर्ता ओटो प्रेगर. माजी पत्रकार, वॉशिंग्टनच्या कचेरीत बसणारा, स्वतः वैमानिक नाही. आगगाडी धुक्यात थांबत नाही, मग विमान का थांबावं, असा त्याचा खाक्या. होकायंत्रावर उडा, दिसण्याची गरज नाही, अशा अर्थाची त्याची तार प्रसिद्ध आहे. आता धुक्यात ‘दिसण्याची गरज नाही’ म्हणजे काय, ते पाहा. डोळ्यांना क्षितिज दिसेनासं झालं की तोल सांभाळायला उरतो फक्त आतला कान, आणि तो फसतो. हळूहळू सुरू झालेलं वळण त्याला जाणवतच नाही. आपण सरळ चाललो आहोत असं वाटत असताना विमान एका बाजूला कलतं, नाक खाली घालतं आणि गिरक्या घेत उतरू लागतं. हे ओळखून सावरायला जी उपकरणं लागतात ती तेव्हाच्या कॉकपिटमध्ये नव्हती. होकायंत्र होतं, पण वळणात ते स्वतःच भरकटे. म्हणून वैमानिक ढगांच्या खाली, झाडांच्या शेंड्यांवरून, रेल्वेचे रूळ बघत जात. तेही फसवं काम: १५ मे १९१८ ला, सेवेच्या पहिल्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यादेखत वॉशिंग्टनहून निघालेला लेफ्टनंट जॉर्ज बॉइल भलत्याच रुळांमागे गेला. जायचं होतं उत्तरेला फिलाडेल्फियाकडे, उतरला दक्षिणेला मेरीलँडमधल्या वॉल्डॉर्फच्या शेतात. सपाट मुलखात अशी चूक हसण्यावारी जाते. पेनसिल्व्हेनियातल्या बेलफॉन्टच्या आसपास अ‍ॅलिगेनी पर्वताच्या रांगा आहेत. डोंगर धुक्यात, दरी धुक्यात. वैमानिक त्या टप्प्याला ‘नरकाचा पट्टा’ म्हणत. जुलै १९१९ मध्ये चार्ल्स लॅम्बॉर्न तिथेच धुक्यात आपटून मेला.

त्यानंतर काही दिवसांतच न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर दाट धुकं असताना लिऑन स्मिथ आणि वर सांगितलेला हॅमिल्टन ली यांनी उडायला नकार दिला. प्रेगरने दोघांना काढून टाकलं. बाकीच्यांनी विमानं जमिनीवर ठेवली. वर्तमानपत्रं वैमानिकांच्या बाजूने लिहू लागली तसं खात्याला नमतं घ्यावं लागलं. तडजोडीतली एक अट मला फार आवडते: हवा उडण्याजोगी आहे की नाही यावर वाद झाला, तर मैदानाच्या व्यवस्थापकाने आधी स्वतः वर जाऊन पाहायचं. ली याला परत घेतलं, स्मिथला नाही. मस्तवाल माणसं ‘आज नको’ म्हणण्यासाठी नोकरी पणाला लावत नाहीत.

‘श्रीमंतांची पत्रं’ हा मुद्दा दोन ओळींत संपतो. सुरुवातीला तिकीट २४ सेंटचं होतं, महागच. पण त्याच १९१८ मध्ये ते आधी १६ आणि मग ६ सेंटवर आलं, आणि जुलै १९१९ मध्ये हवाई टपालाचा वेगळा दरच बंद झाला. पुढची पाच वर्षं थैल्यांत दोन सेंटचं साधं टपाल असे. आपलं पत्र विमानाने चाललंय हे धाडणाऱ्याच्या गावीही नसे.

आता एकट्या वीराची गोष्ट. जॅक नाइटने २२-२३ फेब्रुवारी १९२१ च्या रात्री जे केलं ते अफाटच. रात्रीही टपाल उडवून नेता येतं का हे पाहायला अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरून दोन-दोन विमानं निघाली होती. पूर्वेकडून निघालेलं टपाल हवामानामुळे शिकागोच्या पुढे सरकलं नाही. पश्चिमेकडचा विल्यम लुइस नेवाडातल्या एल्कोला कोसळून मेला. फ्रँक येगरने नॉर्थ प्लॅटपर्यंत आणलेलं टपाल नाइटने ओमाहाला पोचवलं. तिथे त्याची पाळी संपत होती, पण पुढचा वैमानिक शिकागोहून येऊच शकला नव्हता. ओमाहा-शिकागो रस्ता नाइटने कधी उडून पाहिला नव्हता. तरी निघाला. आयोवा सिटीला मैदानावर रात्रीच्या पहारेकऱ्याने मशाल पेटवली म्हणून उतरता आलं. पण शिकागोहून पुढे न्यूयॉर्कपर्यंत इतरांनीच नेलं. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत, एकूण ३३ तास २० मिनिटांत. आणि वाटेवर शेकोट्या पेटवून जागणारे शेतकरी, टपाल कर्मचारी? फॉरवर्डमध्ये त्यांना जागा नाही.

खरं तर शेकोटी हाच त्या रात्रीचा मुद्दा होता. त्यानंतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, पैसे दिले आणि शिकागो ते शायेन या सपाट पट्ट्यात ठरावीक अंतरांवर फिरत्या दिव्यांचे मनोरे आणि मधे आणीबाणीत उतरायची मैदानं उभी राहिली. १ जुलै १९२४ पासून रात्रीचं उड्डाण नेहमीचं झालं, आणि उडालेल्या मैलांच्या मानाने मृत्यू झपाट्याने कमी झाले. मध्यंतरी वैमानिकांच्या छातीत काही बदललं नव्हतं. बदल झाला होता तो जमिनीवर.

याची उलट परीक्षाही इतिहासाने घेतली. फेब्रुवारी १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तेव्हा टपाल नेणाऱ्या खासगी कंपन्यांची कंत्राटं रद्द करून टपाल लष्कराकडे दिलं. ऐन हिवाळा, बरीचशी उघड्या कॉकपिटची विमानं, उपकरणांवर उडण्याचा सराव तुटपुंजा. काही आठवड्यांत डझनभर माणसं गेली. ती भित्री नव्हती आणि मस्तवालही नव्हती. त्यांना तयारीला वेळच दिला नव्हता.

उरलं शेपूट. भारतातली, किंबहुना जगातली पहिली अधिकृत हवाई डाक १८ फेब्रुवारी १९११ ची: अलाहाबादच्या औद्योगिक आणि शेती प्रदर्शनाच्या वेळी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने साडेसहा हजार पत्रं यमुनेपलीकडे नैनीला नेली. जेआरडी तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला पुस मॉथ हे छोटं विमान आणलं, पुढे नेव्हिल व्हिन्सेंट बळ्ळारीमार्गे मद्रासला गेला. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई म्हणून तेवढे महिने कारभार पुण्याला हलवत. सह्याद्रीवरच्या पावसातही सेवेच्या पहिल्या वर्षी एकही डाक चुकली नाही, असं सरकारी अहवालात कौतुकाने नोंदलं गेलं. तेव्हा पुढे पाठवायचंच असेल तर ‘पहिली हवाई डाक’ पेकेच्या नावावर टाका आणि ‘पहिली नियमित भारतीय हवाई डाक सेवा’ जेआरडी-व्हिन्सेंटच्या.