कागद काळे करू नका

माणूस कामावर ठेवायचं ठरवलंत? अभिनंदन. आता एवढंच पाळा, त्याला नेमणूकपत्र देऊ नका. "आपल्यात कागदबिगद कशाला, आपण एक कुटुंब आहोत," हे वाक्य पुरतं. नोकरी मिळाल्याच्या आनंदात नवा माणूस पगाराच्या आकड्यापलीकडे फारसं विचारत नाही. विचारलंच, तर "बघू, होईल सगळं" हे उत्तर सगळ्या प्रश्नांना चालतं. घरात कोणी कामाचे तास विचारतं का? रजेचा हिशेब मागतं का? (घरातल्या माणसाला महिन्याची नोटीस देऊन काढतही नाहीत, पण ही उपमा आपण होऊन पुढे ताणू नका.)

न लिहिण्याचे फायदे लगेच दिसू लागतात. हिशेब लिहायला घेतलेला माणूस मार्चपर्यंत फोन घेणारा, गोडाऊन लावणारा आणि तुमच्या मुलाच्या प्रोजेक्टला चित्रं चिकटवणारा झालेला असतो. त्याच्या कामात काय येतं आणि काय नाही, हे लिहिलेलं कुठे आहे?

कधीतरी कागद करावाच लागला, तर त्यावर 'कर्मचारी' हा शब्द येऊ देऊ नका. 'फ्रीलान्सर', 'कन्सल्टंट', 'सहयोगी', 'पार्टनर' असं काहीही चालेल. नाव बदललं की भविष्य निधी नाही, भरपगारी रजा नाही, आजारपण त्याचं त्याने बघायचं. मग या स्वतंत्र व्यावसायिकाला सकाळी नऊला हजर राहायला सांगा, तुमचाच कॉम्प्युटर वापरायला द्या, दुसरीकडे काम करायला मनाई करा आणि उशीर झाला की पैसे कापा.

इथे एक किरकोळ अडचण आहे. २००६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८ क्रमांकाची शिफारस केली. नातं नोकरीचं आहे की नाही, हे करारात काय लिहिलंय त्यावरून नाही, तर काम प्रत्यक्षात कसं चालतं आणि मोबदला कसा दिला जातो त्यावरून मुख्यतः ठरवावं, असं तिचं म्हणणं. खुणाही दिल्या आहेत: हुकूम कोणाचा चालतो, वेळ कोण ठरवतं, अवजारं कोणाची, पैसे ठरावीक मुदतीने मिळतात का, पोट याच एका कामावर आहे का. तुमच्या नऊ वाजताच्या स्वतंत्र व्यावसायिकाचं वर्णन वाचतोय की काय, असं वाटेल. अर्थात शिफारसच ती, बंधन नाही. मनावर घेऊ नका.

उबरनेही घेतलं नव्हतं. तिचे करार जाडजूड होते आणि चालक हे स्वतःचा धंदा करणारे लोक आहेत, असं त्यांत सुवाच्य लिहिलेलं होतं. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सुरुवात करारापासून करायचीच नाही. भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनी लिहिते, फेऱ्या जास्त नाकारल्या की ॲपमधून बाहेर काढते. तेव्हा चालकांना तिथल्या कायद्यातले 'वर्कर' मानायचं, म्हणजे किमान वेतन आणि भरपगारी रजा आली. इतक्या वकिलांनी घासूनपुसून केलेला करार बाजूला राहतो, तर तुम्ही इंटरनेटवरून उतरवलेल्या दीड पानाचं काय होईल, याचा विचार रात्री झोपताना करू नका.

तासांकडे वळू. आठ तासांचं खूळ जुनंच आहे. श्रम संघटना १९१९ साली जन्मली आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या परिषदेत तिचा पहिलाच करार झाला तो कारखान्यांतल्या कामाच्या तासांचा: दिवसाला ८, आठवड्याला ४८. शंभरावर वर्षं झाली, लोक अजून घड्याळ बघतात. यावर उपाय सोपा आहे, हजेरीची वही ठेवूच नका. वही नाही तर ओव्हरटाइम नाही. युक्ती इतकी चांगली की १४ मे २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने तिच्यावर निकाल दिला. एका स्पॅनिश कामगार संघटनेच्या दाव्यात न्यायाधीश म्हणाले की रोजचे तास मोजण्याची भरवशाची व्यवस्था मालकानेच उभी करायची, नाहीतर जादा काम झालं हे कामगार सिद्ध कशाने करणार? ते कसं सिद्ध होऊ नये याचीच तर आपण इथे चर्चा करत होतो. असो.

रजेबद्दल थोडक्यात. "मला रजा नको" असं लिहून घेण्याची पद्धत छान आहे, पण श्रम संघटनेच्याच १९७० च्या रजाविषयक करारात, किमान वार्षिक रजेवर पाणी सोडायला लावणारं असं कोणतंही लिहून घेणं रद्दबातल किंवा निषिद्ध धरावं, असं कलम आहे. म्हणजे कागद केला तरी फुकट! आणि पगार दारूच्या गुत्त्यात वाटू नये, चिठ्ठ्या-कुपनांत देऊ नये, हे तिच्याच १९४९ च्या वेतन संरक्षण करारात स्पष्ट लिहावं लागलं, यावरून आपल्या पूर्वसूरींची कल्पकता लक्षात यावी. 'अनुभव मिळेल' आणि 'नाव होईल' या चलनांचा उल्लेख त्यात नाही, कारण तेव्हा ती निघाली नव्हती.

माणूस नकोसा झाला की काढायचं कसं? काढायचं नाही. त्याला मीटिंगला बोलावणं बंद करा, त्याची खुर्ची जिन्याखाली हलवा, अप्रेझलमध्ये 'ॲटिट्यूड' हा एकच शब्द लिहा. महिना-दीड महिन्यात तो स्वतःच राजीनामा देतो. कित्येक देशांतली न्यायालयं अशा राजीनाम्यालाही काढून टाकणंच म्हणतात, पण तुम्ही 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द लिहून घेतलेले असतात ना.

उघडपणे काढायची वेळ आलीच, तर कारण देऊ नका. श्रम संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करार म्हणतो की कारण हवं, आणि ते त्या माणसाची कुवत, वागणूक किंवा धंद्याची गरज यांपैकी असावं; कुवत-वागणुकीचा आरोप असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐकावं; तिचं गरोदर असणं किंवा त्याचं तक्रार करणं हे कारण होऊच शकत नाही. मोजक्याच देशांनी हा करार स्वीकारला आहे, तेवढा दिलासा घ्या. फक्त जर्मनीत माणसं ठेवली असतील तर जपा. तिथे काढल्याचं पत्र कागदावर, हाताच्या सहीनिशीच द्यावं लागतं, ईमेल चालत नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर "उद्यापासून येऊ नकोस" एवढ्यात भागवणाऱ्या माणसाचे तिथे फार हाल होतात.

कर्मचारी मंडळी, तुम्हीही हे वाचताय हे ठाऊक आहे. तुम्हाला सल्ला देणं सोपं आहे, कारण तो तुम्ही आधीपासून पाळताच आहात. पुढे येईल त्या कागदावर सही करा, वाचत बसलात तर साहेबांना वाईट वाटेल. पगाराची स्लिप मागू नका. कोऱ्या कागदावर तारीख न टाकता राजीनामा लिहून ठेवायला सांगितला तर अक्षर तेवढं चांगलं काढा. आणि नोकरी गेलीच, तर घाई करू नका. आधी सहा महिने नातेवाइकांना सगळी हकिगत सांगा. वर सांगितलेल्या जर्मनीत पत्र हातात पडल्यापासून दाद मागायला तीन आठवडे मिळतात. इतरत्र मुदती वेगळ्या आहेत, पण तुमच्या आत्याला सविस्तर ऐकायला लागणाऱ्या वेळाहून बहुतेक कमीच.

मालक, परत तुमच्याकडे. एवढं सगळं नीट पाळलंत तर एक दिवस नोटीस येईल आणि तुम्ही वकिलाकडे जाल. नेमणूकपत्र नाही, वही नाही, मेमो नाही, काढल्याचं पत्र नाही. त्या माणसाकडे मात्र तुमचे तीन वर्षांचे मेसेज आहेत: रविवारी पाठवलेले, रात्री पावणेबाराला पाठवलेले, "उद्या नऊला पोच नाहीतर बघ" असे, तारीखवार. हे सगळं तुम्ही वकिलांना सांगायला तोंड उघडाल, तेवढ्यात ते हात वर करून तुम्हाला थांबवतील आणि टेबलावरून एक कागद पुढे सरकवतील. त्यांच्या फीचा करार. दोन पानी, प्रत्येक पानावर सही.