‘किनारा सगळ्यांचा’ म्हणून वाळूत बाईक घालायची?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला पुण्यातल्या चार रायडिंग ग्रुपांवर आला. पहिली ओळ अशी: ‘किनारा कुणाच्या बापाचा नाही.’ पुढे मुद्दे आहेत. किनारा सरकारी, म्हणजे जनतेचा, त्यामुळे तिथे बाईक न्यायला कुणी अडवू शकत नाही. फलक नसेल तर बंदी नाही. वाळू हा रस्ता नाही, म्हणून मोटार कायदा लागत नाही. चाकांच्या खुणा पुढच्या भरतीला पुसल्या जातात. कासवं रात्री येतात, आपण दिवसा जातो. कोळ्यांचे ट्रॅक्टर चालतात, मग आमच्याच बाईक का खुपतात? आणि शेवटी, पुण्याच्या रायडरच्या पैशावर कोकणातली गावं चालतात.

मी स्वतः अकरा वर्षं पहाटे चांदणी चौकातून निघून ताम्हिणी उतरतोय. वाळूत मागचं चाक डुलायला लागलं की काय वाटतं ते मला ठाऊक आहे, तीन-चार वेळा मीही तो आनंद घेतलाय. म्हणूनच हे उत्तर बाहेरून आलेलं नाही. हा मेसेज चुकीचा आहे, आणि तो आपल्यातल्याच कुणीतरी लिहिलाय, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आधी मालकीचं बघू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ शासनाच्या मालकीचा आहे, हे खरं. पण त्यावरून ‘म्हणून मी काहीही करू शकतो’ हे निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या कमलनाथ खटल्यात सांगितलं की समुद्र, नद्या, जंगलं यांच्या बाबतीत सरकार विश्वस्त आहे. विश्वस्ताने ती जपायची असतात, ज्याला हवी त्याला उधळायला द्यायची नसतात. वेताळ टेकडीही सार्वजनिकच आहे. तिथे कुणी डर्ट बाईक घेऊन गवतातून नवी वाट पाडली, तर सकाळी फिरायला येणारे पुणेकर त्याला खाली उतरेपर्यंत सोडत नाहीत. टेकडीला एक न्याय आणि जिथे कासवं अंडी घालतात त्या वेळासच्या वाळूला दुसरा, असं कसं चालेल?

फलकाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. कायदा राजपत्रात लिहिलेला असतो, खांबावर नाही. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, आताची २०१९ ची. त्यात वाळूच्या टेकड्या, खारफुटी, कासवांच्या विणीच्या जागा, चिखलपट्टे हे सगळं सर्वांत संवेदनशील वर्गात मोडतं, आणि वाळूच्या टेकड्यांच्या मूळ रूपात फेरफार करायला मनाई आहे.

‘रस्ता नाही म्हणून मोटार कायदा नाही’ हे तर सरळ खोटं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधली सार्वजनिक जागेची व्याख्या वाचा. रस्ता असो वा नसो, जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा त्यात येते. गंमत बघा, मेसेजच्या पहिल्याच ओळीने किनारा लोकांचा ठरवला, आणि त्याच ओळीने तो या कायद्याखाली आणून ठेवला. लायसन्स, विमा, बेदरकार चालवण्याचं कलम १८४, सगळं वाळूवरही लागू. मुलं किल्ले बांधत बसलेली असतात तिथे चाळीसच्या वेगाने जाणारी बाईक ओल्या वाळूत डांबरावरच्यासारखी थांबत नाही, हे रायडरला वेगळं सांगायला नको.

आता भरतीचा मुद्दा. हा सगळ्यांना पटतो, कारण तो अर्धा खरा आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या ओल्या, घट्ट वाळूवरच्या खुणा सहा तासांत पुसल्या जातात, कबूल. पण त्या वाळूपर्यंत बाईक पोहोचते कशी? सुरूच्या बनातून किंवा केवड्याच्या बेटातून उतरून, कोरड्या वाळूचा उंचवटा ओलांडून. त्या पट्ट्यावर रोजची भरती येतच नाही, म्हणूनच तिथे वनस्पती उगवू शकते. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या पानांची जी वेल तिथे पसरलेली असते तिचं नाव मर्यादवेल. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती वाढते. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते, वाऱ्याने येणारी वाळू तिच्याशी अडते, आणि असाच वर्षानुवर्षं उंचवटा तयार होतो. वादळात लाटा गावाकडे धावतात तेव्हा पहिला मार हा उंचवटा खातो. आपण ज्या वाटेने उतरतो तिथली मर्यादवेल चार-पाच शनिवार-रविवारांत तुटते, मग वारा तिथूनच वाळू उपसायला लागतो. केळशीची वाळूची टेकडी बघितली असेल. पुण्याच्याच डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिच्या थरांचा अभ्यास केला आहे. असल्या टेकडीवर टायरने चरे पाडून ‘हिल क्लाइंब’चे व्हिडिओ काढलेले मी पाहिलेत. तिथली खूण कुठलीच भरती पुसत नाही.

‘माणसं चालतात तेव्हा वाळू दबत नाही का?’ असंही विचारलं जातं. हिशेब करू. टायरमधली हवा २० पीएसआयवर आणली तरी जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १.४ किलो. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या तळव्याखाली तो याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. शिवाय पाऊल पडतं आणि उचललं जातं. मागचं चाक फिरतं, वाळू उकरतं, आणि वजनदार गाडी रुतली की आणखी खोल उकरतं. त्या वाळूत खेकड्यांची बिळं असतात, तिसऱ्या-शिंपले असतात. हिवाळ्यात पाण्याच्या कडेला कुरव पक्ष्यांचे थवे विसावलेले असतात, त्यातून बाईक घालून थवा उडवायचा हा तर रील्सचा ठरलेला शॉट. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दिवसातून दहा वेळा उठवणं यात कौतुकाचं काय आहे?

आता कासवांकडे येतो. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण मेसेजमधला सगळ्यांत घातक मुद्दा हाच आहे.

आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री येते हे खरं. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा इथला विणीचा काळ. पण ती येते भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि परत जाते. अंडी मात्र जात नाहीत. ४५ ते ६० दिवस, दिवसा आणि रात्री, ती तिथेच असतात. ‘आपण दिवसा जातो’ म्हणजे काय मग? वरून जाणारी बाईक घरट्यावरून जाते आहे हे आपल्याला कळतही नाही.

आणि एक गोष्ट मला तीन वर्षांपूर्वी मंडणगड-दापोली पट्ट्यातल्या एका गावात कळली. फेब्रुवारीतली पहाट, साडेपाच वाजलेले. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांबरोबर मी किनाऱ्यावर चालत होतो. ते कासवमित्र आहेत. रोज पहाटे अख्खा किनारा चालायचा, मादी येऊन गेल्याचा माग शोधायचा, मागाच्या टोकाला घरटं शोधायचं, अंडी काढून कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात तशाच खड्ड्यात ठेवायची. त्या दिवशी किनाऱ्याच्या मधल्या भागात काका थांबले. आदल्या रात्री कुणीतरी दोन-तीन बाईक्स फिरवल्या होत्या, गोल-गोल, वरच्या वाळूपर्यंत. मादीचा माग पाण्यातून वर येत होता आणि टायरच्या खुणांत हरवत होता. काकांनी काठीने तासभर वाळू टोचून पाहिली. मग म्हणाले, “मागच नाय तर घरटं शोधायचं कुठं? आता हे कोल्ह्या-कुत्र्यांचं.” माझी बाईक त्यांच्याच अंगणात उभी होती. काका तिच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

याच पट्ट्यातल्या वेळासमध्ये २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या सोबतीने हे काम सुरू केलं. आधी अंडी खाल्ली-विकली जायची, आता तीच माणसं राखण करतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीला उपग्रह टॅग लावला, तिचं नाव ठेवलं प्रथमा. इतकं सगळं उभं राहिलंय ते वाळूवरच्या एका मागाच्या भरवशावर. तो माग पुसला की पुढचं काहीच होत नाही. पिल्लं बाहेर पडतात तेव्हाही टायरची खोल चाकोरी त्यांना खंदकासारखी असते, आणि हेडलाइट दिसला की ती समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात.

कायद्याचंही ऐका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ऑलिव्ह रिडले पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं आणि घरट्याला धक्का लावणंही येतं. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर तिथे कितपत चालेल, ते ज्याचं त्याने ठरवावं.

कोळ्यांच्या ट्रॅक्टरबद्दल. होडी ओढायला, मासळी वर आणायला ट्रॅक्टर लागतो. तो ठरलेल्या एका वाटेने जातो-येतो, टेकडीवर चढत नाही, थव्यात घुसत नाही. किनारपट्टीच्या अधिसूचनेचा एक जाहीर हेतूच मच्छीमारांची उपजीविका राखणं हा आहे. त्यांची पोटाची वाट आणि आपली रविवारची हौस एका तराजूत घालता येत नाहीत. मात्र पर्यटकांना फिरवायला काही ठिकाणी वाळूत चारचाकी ‘एटीव्ही’ सोडतात, त्यांचाही प्रश्न आहेच. गावांनी तोही सोडवावा. पण दुसऱ्याच्या चुकीने आपल्याला परवाना मिळत नाही.

पैशाचं म्हणणं मला मान्य आहे, फक्त उलटं. आपला पैसा गावात येतो तो घरगुती जेवणातून, उकडीच्या मोदकातून, मुक्कामातून. वाळूवर बाईक फिरवल्याने कुणाला चार आणे मिळत नाहीत. वेळासला लोक जातात ते पिल्लं समुद्रात जाताना बघायला, आणि ती पिल्लं असली तरच पुढच्या वर्षी कुणी जाणार.

कच्च्या रस्त्याची हौस पुरवायला कोकण कमी आहे का? बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीने बाईक उतरवा, सावित्रीच्या खाडीवरून बाणकोट बघत जा. पुढे दाभोळहून धोपावेला पुन्हा बोट. मधल्या घाट्यांत लाल मातीचे, गावाला जोडणारे रस्ते पोटभर आहेत. फक्त कातळसड्यावर, म्हणजे दगडी उघड्या पठारावर, आडवेतिडवे घुसू नका, तिथे पायाखाली कातळशिल्पं असू शकतात. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

येत्या शनिवारी आमच्या ग्रुपची हरिहरेश्वर राईड आहे. मेसेजच्या उत्तरात मी एवढंच टाकलंय: बाईक्स गावातच लावायच्या, चावी खिशात, वाळूत फक्त पाय. तिथी अष्टमी आहे. आजोबांच्या हिशेबाने तिथीची पाऊणपट, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला पाणी फार लांब जात नाही, पण दुपारी ओहोटी असेल, सगळे मिळून कडेने चालत जाऊ.