हवाईत राहणारा प्रत्येक जण हवाईयन नसतो

होनोलुलूत जन्मलेल्या, ज्याचे पणजोबा जपानहून उसाच्या मळ्यावर मजुरीला आले होते अशा माणसाला विचारा, तू हवाईयन का? बहुतेक तो नाही म्हणेल. मी लोकल, असं सांगेल, किंवा ‘कामाआइना’, म्हणजे इथलाच रहिवासी, असं म्हणेल. चार पिढ्या तिथे गेल्या तरी ‘हवाईयन’ हे नाव तो स्वतःला लावत नाही, कारण ते तिथल्या मूळ लोकांचं, कानाका माओलींचं आहे. टेक्सासमध्ये राहायला गेलेला माणूस टेक्सन होतो, कॅलिफोर्नियातला कॅलिफोर्नियन. हवाईत तसं होत नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा आपल्या बातमीदारांसाठीचा नियमही हाच आहे: हवाईयन म्हणजे मूळ वंशाचे लोक, बाकीचे हवाईचे रहिवासी.

आपण मराठीत लिहिताना सरसकट सगळ्यांना हवाईयन म्हणून मोकळे होतो. मला ते फार खटकतं. एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला, असं कुणी म्हणेल, म्हणून थोडा इतिहास सांगते.

1893 च्या जानेवारीत हवाईची राणी लिलिउओकलानी हिचं राज्य उलथवलं गेलं. उलथवणाऱ्यांत पुढे होते गोरे व्यापारी आणि मळेवाल्यांचे हितसंबंधी, आणि त्यांच्या पाठबळाला अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरले होते. 1896 मध्ये शाळांतून इंग्रजी माध्यम सक्तीचं झालं, 1898 मध्ये बेटं अमेरिकेला जोडली गेली. शंभर वर्षांनी, 1993 मध्ये, अमेरिकी काँग्रेसने ठराव करून माफी मागितली. जमिनीच्या दाव्यांचा निकाल मात्र त्या माफीत नव्हता. 1921 चा एक कायदा आहे: ज्यांचं किमान निम्मं रक्त मूळ हवाईयन, त्यांना वर्षाला 1 डॉलर भाड्याने 99 वर्षांच्या कराराने घरासाठी किंवा शेतीसाठी जमीन. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात यादीत नाव लावून वाट बघता बघता माणसं मरून गेली आहेत. म्हणजे ‘हवाईयन कोण’ या प्रश्नावर तिथे कुणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर अवलंबून असतं.

हॅरॉल्ड राइस यांचा खटला यासाठीच वाचण्यासारखा आहे. राइस हे गोरे पशुपालक, घराणं एकोणिसाव्या शतकापासून हवाईत. मूळ हवाईयनांसाठी जे सरकारी कार्यालय आहे, त्याच्या विश्वस्तांच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क फक्त मूळ वंशाच्या लोकांना होता. राइस कोर्टात गेले आणि 2000 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात 7 विरुद्ध 2 मतांनी जिंकले. मतदानात वंश बघायचा नाही, या तत्त्वाशी माझं भांडण नाही. पण न्यायमूर्ती केनेडींनी निकालपत्रात लिहिलं की राइस हवाईचे नागरिक आहेत, तेव्हा एका रूढ अर्थाने तेही हवाईयनच. हे लिहायची काही गरज नव्हती. त्याशिवायही निकाल तोच लागला असता. राज्य गेलं, जमीन गेली, भाषा शाळेतून हाकलली गेली, उरलं होतं ते नाव, आणि तेही कोर्टाने एका वाक्यात सगळ्यांना वाटून टाकलं.

दुसरी बाजूही बघा. 2020 च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त मूळ हवाईयन हवाईच्या बाहेर, अमेरिकेच्या इतर राज्यांत राहत असल्याचं दिसलं. घरांच्या किमती परवडत नाहीत हे त्याचं एक मोठं कारण. लास वेगासमध्ये वाढलेलं त्यांचं पोर हवाईयनच आहे, आणि मागच्या वर्षी माउईत बंगला घेतलेला माणूस रहिवासी आहे. पत्ता बदलतो, वंश बदलत नाही.

आता कुणी फिजीचं उदाहरण देईल, आणि ते द्यायलाच हवं. 1879 मध्ये ‘लिओनिडास’ जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, तिथे उतरले. 1916 पर्यंत साठ हजारांहून जास्त भारतीय मजूर नेले गेले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनाही ‘फिजियन’ म्हणवून घेता येत नसे, कागदोपत्री ते ‘इंडियन’च. 1987 च्या लष्करी बंडांनंतर हजारोंनी देश सोडला. 1997 च्या राज्यघटनेने सर्वांसाठी ‘फिजी आयलंडर’ असं नाव काढलं, ते काही कुणाच्या तोंडी रुळलं नाही. 2010 मध्ये सरकारने फर्मान काढलं: सगळे नागरिक फिजियन, आणि मूळ लोक ‘इ-ताउकेई’.

मग हवाईत एक न्याय आणि फिजीत दुसरा का? माझ्या मते कुणाच्या हातात काय उरलंय ते बघावं लागतं. फिजीतली सुमारे 87 टक्के जमीन आजही इ-ताउकेई कुळांच्या सामायिक मालकीची आहे, ती विकता येत नाही. तिथे गिरमिटियांच्या वंशजांकडे फारशी जमीन नव्हती, नावही नव्हतं, आणि नाव नसणं म्हणजे ‘तुमच्या देशात परत जा’ हे ऐकून घेणं. त्यांना नावात वाटा मिळायलाच हवा होता. हवाईत ‘रहिवासी’ म्हटल्याने बंगलेवाल्याचं काय बिघडतं? मत आहे, मालमत्ता आहे, सत्ता आहे.

फिनलंडच्या उत्तरेकडे भाषेनेच सोय करून ठेवली आहे: ‘लाप्पिलाइनेन’ म्हणजे लॅपलंडचा रहिवासी, ‘लाप्पालाइनेन’ म्हणजे तिथला मूळ माणूस. एका स्वराचा फरक. पण त्या मूळ लोकांना दुसरं नाव नकोच आहे, ते स्वतःला सामी म्हणतात, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

फिजीतही माझी तक्रार आहे ती पद्धतीबद्दल. 2006 मध्ये बंड करून आलेल्या सरकारने इ-ताउकेईंना न विचारता त्यांचं नाव सर्वांना दिलं आणि 2012 मध्ये त्यांच्या सरदारांची महापरिषदच बरखास्त केली. ती परत आली 2023 मध्ये. ज्या परिषदेसमोर बसून हे नाव मागता आलं असतं, आणि कदाचित मिळालंही असतं, तिला बाजूला सारून ते घेतलं गेलं. म्हणून अनेक इ-ताउकेईंच्या मनात ते आजही सलतं, आणि त्याची किंमत मोजतात ते गिरमिटियांचे वंशज, ज्यांनी हे फर्मान काढलं नव्हतं.