शिट्टी कोणी वाजवली, याची चौकशी करू नये

शिक्षकी पेशात नव्याने पाऊल ठेवणाऱ्या बंधुभगिनींनो, डी.एड. किंवा बी.एड. करताना आपण बालमानसशास्त्राचा पेपर लिहिला असेल आणि पाठ टाचणांच्या वह्याही भरल्या असतील. परंतु वर्गात शिक्षा कोणाला, किती आणि कशाबद्दल करायची, ही विद्या पुस्तकातून येत नाही, ती शिक्षकांच्या खोलीत ज्येष्ठांकडून तोंडी मिळते. नुकताच एक पालक म्हणून या विद्येचा प्रसाद मलाही मिळाला. तो एकट्याने खाणे बरे नव्हे, म्हणून पुढील सूचना आपल्या सेवेस सादर करीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, गुन्हेगार शोधत बसू नये. तो आधीच ठरवून ठेवावा. जून महिन्यातच शेवटच्या बाकावरची दोन-तीन नावे मनात पक्की करून घ्यावीत, म्हणजे आपण फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना मागे काही वाजले, पडले किंवा कोणी खुदकन हसले, तरी वळण्यापूर्वीच नाव ओठांवर तयार असते. तो मुलगा नेमका त्या दिवशी गैरहजर असला तर थोडी पंचाईत होते खरी. पण त्याच्या शेजारी बसणारा हजर असतोच.

सारख्या चुकीला सारखी शिक्षा, हा हट्टही धरू नये. पहिल्या पाचात येणारा विद्यार्थी शेजाऱ्याशी बोलत असेल, तर तो शंका विचारीत असतो. जेमतेम पास होणारा बोलत असेल, तर तो गप्पा छाटीत असतो. आणि संस्थेच्या संचालकांचे चिरंजीव बोलत असतील, तर नेमके त्याच वेळी आपल्याला हजेरीपटात डोके घालावे लागते. पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेले मूल बोलले, तर मात्र "फुकट मिळालं की किंमत नसते" हे वाक्य साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा बेताने उच्चारावे. त्याचा प्रवेश कसा झाला हे ज्या मुलांना तोवर ठाऊक नव्हते, त्यांच्याही ज्ञानात त्यामुळे भर पडते.

बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचे काम मॉनिटरकडे द्यावे, आणि त्यात त्याच्या मित्रांपैकी एकाचेही नाव कसे नाही, असे विचारून त्याचा उगाच अपमान करू नये.

फी थकलेल्या मुलांना वर्गात उभे करावे, कारण ती त्यांनीच दप्तरात लपवून ठेवलेली असते.

हात मात्र उगारू नये. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आहे, आणि त्याचे कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई करते. त्याच कलमात त्याच दमात मानसिक छळालाही मनाई आहे, पण जिभेचे वळ पाठीवर उठत नसल्यामुळे तेवढा भाग न वाचलेला चालतो. म्हणून मुलाच्या वडिलांच्या धंद्याबद्दल चार शब्द बोलावेत, आडनाव एकदा सावकाश, जोर देऊन उच्चारावे, मुलीला "सासरी जाऊन काय दिवे लावणार आहेस" असे विचारावे. उठाबशा काढायला लावायच्याच असतील, तर त्यांना व्यायाम म्हणावे.

या सर्वांवर कडी करणारी शिक्षा म्हणजे सामूहिक शिक्षा. तिच्यात पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाही, आरोपीसुद्धा लागत नाही. आमच्या मुलीच्या आठवीच्या वर्गात इतिहासाच्या तासाला कोणीतरी शिट्टी वाजवली. बाईंनी दोनदा विचारले, कोणी कबूल झाले नाही, आणि सारा वर्ग हात वर करून उभा राहिला. येथवर आपण सर्वांनी आपापल्या शाळेत पाहिलेलेच घडले. परंतु त्या वेळी तीन मुली वर्गात नव्हत्याच. एलिमेंटरी परीक्षेच्या सरावासाठी त्या चित्रकलेच्या सरांकडे गेल्या होत्या, तेही बाईंच्याच परवानगीने. त्या रंगपेट्या घेऊन दारात आल्या, तर त्यांनाही रंगपेट्या खाली ठेवून हात वर करण्यास सांगण्यात आले. त्यांपैकी एकीने, म्हणजे आमच्या मुलीने, "बाई, आम्ही वर्गात नव्हतो" एवढेच सांगितले, तर तिला उलट उत्तर दिल्याबद्दल वेगळी शिक्षा झाली: "मी वर्गात शिट्टी वाजवणार नाही" हे वाक्य शंभर वेळा लिहून आणायचे. तिला शिट्टी वाजवता येत नाही. तिने ते वाक्य रात्री जेवण बाजूला सारून लिहिले, सुवाच्य अक्षरात, आणि दुसऱ्या दिवशी ती वही तपासलीही गेली नाही. वर्गाचा आठवड्यातला एकुलता एक खेळाचा तास गेला तो वेगळाच; तो गणिताच्या सरांना मिळाला, त्यांचा अभ्यासक्रम मागे पडला होता. शिक्षा झालेल्यांच्या यादीत एक मुलगा मात्र नव्हता, कारण स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनाचा सराव करण्यासाठी त्याला ऐन वेळी सभागृहात बोलावणे आले. त्याचे वडील संस्थेत काय आहेत, हे मी सांगण्याची गरज नाही.

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात कलम ३३ आहे. परक्या मुलखात घुसून तेथील लोकांवर सत्ता गाजवणाऱ्या सैन्यालाही, एखाद्याने स्वतः न केलेल्या कृत्याबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही आणि सामूहिक शिक्षा तर मुळीच देता येत नाही, असे ते कलम सांगते. आठवी 'ब' हा काही युद्धात जिंकलेला प्रदेश नव्हे, त्यामुळे तेथे ही अडचण येत नाही.

पालक भेटायला आल्यास त्याला प्रथम अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसवावे. त्यानंतर "बाकी कोणाची तक्रार नाही, तुमचीच कशी?" असे विचारावे. तो तरीही बसून राहिला, तर "आमच्या वेळी शिक्षक फोडून काढायचे, म्हणून आम्ही घडलो" हे ऐकवावे. मला हे तिन्ही उपचार याच क्रमाने मिळाले. ज्या मुख्याध्यापकांनी ते केले, त्यांच्या पाठीमागे भिंतीवर विद्यार्थ्यांच्या हक्कांचा रंगीत तक्ता टांगलेला होता.

आता आपल्याच हक्काची एक माहिती देतो. ती आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगली ठाऊक असेल. महाराष्ट्रातील खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा अधिनियम आहे आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आहे. त्यानुसार कायम शिक्षकाला गैरवर्तनाबद्दल काढून टाकायचे झाले, तर त्याला आरोपपत्र द्यावे लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि तीन जणांची चौकशी समिती नेमावी लागते. त्या तिघांतला एक सदस्य स्वतः त्या शिक्षकाने निवडलेला असतो. हे उत्तम आहे. संस्थाचालकांच्या लहरीवर शिक्षकांच्या चुली अवलंबून असू नयेत, म्हणूनच ही तरतूद झाली, आणि ती मोडू पाहणाऱ्या संस्थेविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. मग आरोप काय आहे हे कळण्याचा, आपले म्हणणे मांडण्याचा आणि दुसऱ्याच्या चुकीपायी न भरडले जाण्याचा जो अधिकार आपल्याला स्वतःसाठी इतका जिव्हाळ्याचा वाटतो, तो चाळीस मिनिटांच्या तासात तेरा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात मागितला, तर ते उलट उत्तर कसे होते?

या प्रश्नावर पुढची गमतीदार सूचना मला सुचत नाही, आणि सुचवायचीही नाही. बाई, तुम्ही चुकलात. शिट्टी वाजली तेव्हा त्या मुली वर्गात नव्हत्या, हे तुम्हाला ठाऊक होते. परवानगी तुम्हीच दिली होती. तुम्हाला शिट्टीचा राग आला होता आणि तो काढायला समोर हात वर केलेली मुले होती, एवढाच या प्रकरणाचा अर्थ आहे.

शिक्षकांवर किती ओझे आहे, हे मला सांगू नका. मला ते ठाऊक आहे. कायदा उच्च प्राथमिक वर्गांसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो आणि तुमच्यासमोर साठ बसलेली असतात. जनगणना तुमच्याकडे, निवडणूक तुमच्याकडे, ऑनलाइन माहिती भरणे तुमच्याकडे, आणि निम्मे सहकारी तासिका तत्त्वावर. हे सर्व अन्यायाचे आहे. पण साठ मुले एका खोलीत कोंबली ती त्या मुलांनी नव्हे. ज्यांनी कोंबली त्यांच्यापुढे तुम्ही मान खाली घालून उभे राहता, आणि तेथे गिळलेला शब्द दुसऱ्या दिवशी आठवी 'ब'मध्ये बाहेर पडतो. साठांत चौकशी करणे कठीण असेल, तर शिक्षा करू नका. एक शिट्टी बिनशिक्षेची राहिली, तर इतिहासाचा तास बुडत नाही. तुम्ही सर्वांना उभे केलेत म्हणून तो बुडाला.

आणि उरलेले एकोणसाठ पालकहो, तुम्हालाही सोडणार नाही. पहिल्याच भेटीत "सर, नाही ऐकलं तर बिनधास्त झोडा" असे हसत हसत सांगून आलेले तुम्हीच. आपल्या मुलाने घरी येऊन सांगितले, तेव्हा "तूच काहीतरी केलं असशील" म्हणणारेही तुम्हीच. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मी या प्रकाराबद्दल लिहिले, तर तिघांनी हात जोडल्याचे चित्र टाकले, एकाने गणवेशाच्या दुकानाची वेळ विचारली आणि चौघांनी मला खाजगीत कळवले की तुमचे बरोबर आहे, पण आमचे नाव घेऊ नका, अंतर्गत गुण त्यांच्याच हातात आहेत. सहलीच्या वर्गणीत पन्नास रुपये वाढले तेव्हा पालक सभेत तासभर भांडलात ना? येत्या सभेत मी हा विषय लेखी देणार आहे. ज्यांची मुले त्या दिवशी हात वर करून उभी होती, त्यांनी तेथे येऊन आपल्या नावानिशी बोलावे, आणि ते जमत नसेल तर निदान मला खाजगीत शाबासकी पाठवू नये.