भिलाईचा नऊ नंबर

आज डोकं फिरलंय माझं. जेवण पण नीट गेलं नाही, सौ. दोनदा विचारून गेली काय झालं म्हणून. कोणाला तरी सांगायला पाहिजे, म्हणून इथे लिहितोय. मोठं होणार आहे, वेळ असेल त्यानेच वाचा.

संध्याकाळी पोराची मॅच होती, अंडर-१६, दोन शाळांमधली साधी फ्रेंडली. ना कप ना सर्टिफिकेट. शेवटचे वीसेक सेकंद राहिलेले, आपली पोरं तीन पॉइंटने पुढे, आणि समोरच्या टीमच्या एका बारक्याशा पोराला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला रिंगला लागून बाहेर. दुसरा तर रिंगपर्यंत पोचलाच नाही, सरळ एअरबॉल. बॉल आपल्याकडे आला, वेळ संपला, मॅच जिंकली. आणि माझा मुलगा, माझा, त्या पोरासमोर जाऊन उभा राहिला आणि तळहात गुडघ्याच्या खाली नेऊन दाखवला. 'टू स्मॉल'. एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, बघणाऱ्यांना माहितीये, समोरच्याच्या अंगावरून बास्केट टाकली की हात जमिनीजवळ धरून दाखवतात, की तू माझ्यापुढे एवढासा. अरे पण त्यात निदान बास्केट तरी टाकलेली असते! इथे याने काय केलं होतं? काही नाही. तो पोरगा आपला आपणच चुकला होता.

आणि पायऱ्यांवर बसलेले आईबाप हसत होते. एकजण मोबाईल धरून ओरडला, "एक बार और कर बेटा, रील में नहीं आया." आणि याने परत केलं.

तो बारका पोरगा साइडलाइनला जाऊन बसला आणि बुटाची लेस सोडायला लागला. सोडली, बांधली. परत सोडली, परत बांधली. खाली मान घालून. लेसला काही झालं नव्हतं हो. तोंड लपवायला तेवढीच जागा होती त्याच्याकडे.

स्कूटरवर घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. रेसकोर्स रोडला बास्केटबॉल कॉम्प्लेक्स गेलं, एरवी तिथे आमचं काही ना काही बोलणं होतंच, आज नाही. घरी आल्यावर विचारलं हे काय होतं, तर म्हणे, "बाबा, चलता है ना, हा गेमचा पार्ट आहे. ड्रेमंड करतो, सगळे करतात."

(ड्रेमंड ग्रीन, एनबीएतला खेळाडू.) गेमचा पार्ट! आता मला कोणी शिकवू नका ट्रॅश टॉक, म्हणजे समोरच्याला बोलून बोलून डिवचणं, काय असतं ते. मी खेळलेला माणूस आहे. १९९३ साली जबलपूरला स्टेट ज्युनिअरची सेमीफायनल, आम्ही इंदूरचे आणि समोर भिलाई. (तेव्हा भिलाई आपल्याच मध्यप्रदेशात होतं, छत्तीसगड २००० साली झालं.) भिलाईचे लोक म्हणजे बास्केटबॉलचे बादशहा, स्टील प्लांटच्या टाउनशिपमध्ये पोरं चालायला लागली की हातात बॉल. त्यांचा नऊ नंबरचा गार्ड मला मार्क करत होता. काळासावळा, शिडशिडीत, माझ्यापेक्षा बोटभर बुटकाच. आणि पहिल्या मिनिटापासून कानाशी लागून बोलत होता. "अब तू बाएँ जाएगा." मी डावीकडे जायला निघालो की हा आधीच तिथे. "अब रुक के मारेगा." मी थांबून शॉट घेतला की याचा हात वर. हाफटाइमपर्यंत माझे चार पॉइंट. वेड लागायची पाळी आली होती, पण शिवी नाही, आई-बहीण नाही, जात-पात नाही. फक्त माझा गेम माझ्या आधी मला सांगत होता. याला म्हणतात ट्रॅश टॉक. खरं तर ट्रॅश म्हणूच नये, विद्या आहे ती.

एनबीएतला जुना दिग्गज लॅरी बर्ड तेच करायचा. कुठून शॉट मारणार ते मार्क करणाऱ्याला आधी सांगायचा आणि तिथूनच मारायचा. १९८६ ला थ्री-पॉइंट कॉन्टेस्टच्या आधी लॉकर रूममध्ये येऊन म्हणाला म्हणे, तुमच्यातलं दुसऱ्या नंबरवर कोण येणार आहे? आणि जिंकला. पुढची दोन वर्षं पण जिंकला, १९८८ ला तर अंगातलं वॉर्मअप जॅकेट पण काढलं नाही आणि शेवटचा बॉल रिंगमध्ये पडायच्या आधी बोट वर. आता याला कोणी माज म्हणेल. म्हणू दे. पण बर्ड जे बोलायचा ते करून दाखवायची जबाबदारी पण स्वतःवर घ्यायचा. बोलला आणि चुकला तर हसं त्याचंच होणार होतं.

आणि आता बघा. २०२३ ला मेम्फिसचा डिलन ब्रूक्स, लेकर्सचा लेब्रॉन जेम्स म्हातारा झालाय, मला काय त्याची भीती, असं चारचौघात बोलून बसला. लेब्रॉन ३८ वर्षांचा होता तेव्हा. पुढे काय, लेकर्सने सिरीज ४-२ ने घेतली आणि शेवटची मॅच १२५-८५. चाळीस पॉइंटने! बोलणं सोपं असतं हो, नंतर त्या बोलण्यासोबत राहावं लागतं.

ड्रेमंडचं तर मला नावच काढू नका. २०१६ ची फायनल, त्याची टीम गोल्डन स्टेट ३-१ ने पुढे, सीझनमध्ये ७३ मॅचेस जिंकलेली टीम. चौथ्या मॅचमध्ये तेव्हा क्लीव्हलँडकडून खेळणारा लेब्रॉन त्याच्या अंगावरून ओलांडून गेला, याचा इगो दुखावला, याने हात चालवला, आणि आधीचे फाउल जमलेले होतेच, पाचव्या मॅचला बाहेर. तिथून क्लीव्हलँडने तिन्ही मॅचेस घेतल्या. एका माणसाला एक ओलांडून जाणं सहन झालं नाही आणि हातातली चॅम्पियनशिप गेली. बरं, त्याच्याकडे ४ रिंग्ज, म्हणजे चॅम्पियनशिपच्या अंगठ्या, आहेत, त्याच्यासारखा डिफेन्स कोणी खेळत नाही, मान्य. पण माझ्या पोराने त्याच्याकडून डिफेन्स शिकला का? नाही. हात दाखवायला शिकला.

आता कोणी तरी लिहीलच की जॉर्डन पण बोलायचा. बोलायचा की, सगळ्यांत जास्त बोलायचा. मी जॉर्डनचा पोस्टर लावून झोपणारा पोरगा होतो, मला काय सांगता. पण २००९ ला हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सत्कार झाला ते भाषण ऐकलंय का कोणी? सहा चॅम्पियनशिप, जगातलं सगळं मिळालेलं, आणि हा माणूस स्टेजवर उभा राहून जुने हिशोब काढतोय, कोणी कधी काय म्हटलं होतं. शाळेच्या टीममध्ये याच्या जागी ज्याला घेतलं होतं त्या मित्राला पण समोर बोलावून बसवलेलं. मला तेव्हा फार आवडलं होतं ते भाषण, टाळ्या वाजवल्या होत्या घरात. आता बघवत नाही. त्याच रागाने त्याला जॉर्डन बनवलं असेल, असेलच, पण सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला अजून ते टोचतंय हे बघून पोटात कसंतरी होतं.

आणि मग एनबीएतलाच टिम डंकन आठवतो. १९ सीझन एकाच टीमला, ५ चॅम्पियनशिप, तोंडातून आवाज नाही. २००७ ला तर रेफरीने त्याला बेंचवर बसून हसतो म्हणून मॅचमधून बाहेर काढला, हसतो म्हणून! आणि लीगने सस्पेंड कोणाला केलं, तर रेफरीला. असा पण मोठेपणा असतो. पण डंकनची रील कोण बनवणार.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, कोणाचं बोलणं खपवून घेतात आणि कोणाचं नाही यात पण भानगड आहेच. २०२३ ची अमेरिकेतली मुलींची कॉलेजची फायनल, एंजल रीसने केटलिन क्लार्कला चेहऱ्यासमोर हात हलवून दाखवला तर लोक रीसवर तुटून पडले, तोच हात क्लार्कने आधीच्या एका मॅचमध्ये केला होता तेव्हा सगळ्यांना कौतुक. आणि क्लार्क स्वतः म्हणाली की रीसला बोलू नका. दोघी आता डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे बायकांच्या एनबीएमध्ये, खेळतात. वीस-एकवीस वर्षांच्या पोरीला जी समज होती ती त्या पायऱ्यांवरच्या पन्नाशीच्या लोकांना नाही.

हो, माझा राग पोरापेक्षा त्या पायऱ्यांवर जास्त आहे. गेल्या वर्षी, २०२५ ला, एनबीएत इंडियानाने मिलवॉकीला घरी पाठवलं, इंडियानाच्या हॅलिबर्टनने शेवटच्या क्षणाला बास्केट टाकून एका पॉइंटने मॅच काढली. आणि त्याचे वडील, वडील बरं का, मुलाचा चेहरा छापलेला टॉवेल घेऊन थेट कोर्टवर मिलवॉकीच्या यानिसच्या तोंडासमोर. नुकताच हरलेला माणूस तो. यानिसने नंतर आपल्या गेलेल्या वडिलांची आठवण काढली, त्यांनी नम्र राहायला शिकवलं म्हणून. अथेन्सच्या रस्त्यावर घड्याळं-गॉगल विकून मोठं झालेलं घर आहे ते. हॅलिबर्टनने सरळ सांगितलं की माझे वडील चुकले. त्या वडिलांनी माफी मागितली, काही मॅचेस त्यांना लांब ठेवलं. तिथे निदान कोणी तरी कोणाला चुकलं म्हणालं. आपल्याकडे? "एक बार और कर बेटा."

इथपर्यंत लिहून उठलो होतो. पाणी प्यायलो. परत बसलोय, कारण निम्मंच सांगितलंय.

पोराने मला उत्तर दिलं ते पूर्ण लिहिलं नाही वर. ड्रेमंड करतो म्हणाला, आणि मग म्हणाला, "आणि तुम्ही पण केलं होतं ना बाबा. भिलाईवाला."

त्या नऊ नंबरचं पुढे काय झालं ते सांगतो. हाफटाइमनंतर पण तो बोलतच होता. एकदा माझा बॉल काढून घेतला आणि परत येता येता काही तरी सांगायला गेला आणि अडकला. "तू, तू, तू..." तोतरा होता तो. छोटी छोटी वाक्यं बोलत होता त्यामुळे लक्षात आलं नव्हतं. आणि मी, सतरा वर्षांचा, मोठ्याने त्याची नक्कल केली. "तु-तु-तु-तू क्या?" आमचा बेंच हसला. लोक हसले. मी मग प्रत्येक वेळी बॉल हातात आला की तेच. आदल्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ड्रीम टीमच्या चार्ल्स बार्कलीने अंगोलाच्या एका खेळाडूला कोपर मारलं होतं, ११६-४८ निकाल लागलेल्या मॅचमध्ये, काही गरज नसताना, आणि आम्हाला तो केवढा मर्द वाटायचा. तर मी पण मर्द झालो.

त्यानंतर तो पोरगा बोललाच नाही. एक शब्द नाही. शिटी वाजेपर्यंत. डावीकडे जाणार हे त्याला दिसत होतं, मला माहितीये दिसत होतं, पण पाय पण जड झाले होते त्याचे. आम्ही सहा पॉइंटने जिंकलो. माझे एकवीस. त्या टूर्नामेंटची शील्ड अजून आमच्या हॉलमध्ये शोकेसमध्ये आहे, दर दिवाळीला मीच ब्रासो लावतो.

आणि ही गोष्ट मी घरी किती वेळा सांगितलीये! गणपतीत पाहुणे आले की, रविवारी पोहे खाताना, मेव्हण्यांना, पोराच्या मित्रांना. तु-तु-तु करून. सगळे हसतात. पोराने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा पाच वर्षांचा असेल, माझ्या मांडीवर होता. ड्रेमंड त्याला काय शिकवणार, ड्रेमंड त्याला तेरा-चौदाव्या वर्षी भेटला.

यानिसचंच एक बोलणं आहे, २०२१ च्या फायनलच्या वेळचं, की मागचं धरून बसलं की तो इगो, पुढचं बोलत राहिलं की तो अभिमान, आणि आत्ताच्या क्षणात राहणं ही नम्रता. मी ते तेव्हा व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवलं होतं. मागे ती शील्ड होती.

मघाशी पोराच्या खोलीत गेलो होतो. जागाच होता. मी म्हटलं त्या मुलाचं नाव काय रे. त्याला माहिती नव्हतं. मी पण नऊ नंबरचं नाव कधी विचारलं नाही. स्कोअरशीटवर असेलच की तेव्हा लिहिलेलं, सही केली होती आमच्या सरांनी. मग त्याला म्हटलं उद्या त्या शाळेत जाऊ, मी पण येतो, तू एकटा जाऊ नको. "काय बोलू पण?" म्हणाला. मला पण सुचलं नाही. आधी नाव विचार म्हटलं.

इथे माझ्या लिस्टमध्ये रायपूर-दुर्गकडचे काही लोक आहेत, जुने खेळलेले पण आहेत. १९९३, जबलपूर, स्टेट ज्युनिअर, भिलाईची टीम, नऊ नंबर, गार्ड, डावीकडचा ड्राइव्ह आधी ओळखायचा. आता पन्नाशीला आला असेल. कोणाला माहिती असेल तर कमेंटमध्ये नाव टाकू नका, मला इनबॉक्समध्ये सांगा.